माळ बिडीला होती

आमच्या घरात व्यसन सोडण्याची एकच गोष्ट सांगतात. १९८८ सालची आषाढी. वडील एसटीत ड्रायव्हर, डेपो दहिवडी. रोज दोन बंडलं बिड्या फुंकणारा माणूस पंढरपूरहून गळ्यात तुळशीची माळ घालून आला आणि पुन्हा त्यानं बिडीला हात लावला नाही. झाली गोष्ट. मामा ती लग्नाच्या पंगतीत सांगायचे, चुलते बांधावर सांगायचे. मी पॉलिटेक्निकच्या होस्टेलवर सिगरेट ओढायला लागलोय हे घरी कळल्यावर तर ती खास माझ्यासाठीच राखून ठेवल्यासारखी झाली. "तुझ्या बापानं एका दिसात सोडली." पुढचं वाक्य कुणी बोलत नसे. गरजच नव्हती.

त्यामुळे २०२३च्या दिवाळीनंतर छातीच्या डॉक्टरांसमोर बसून "गोळी असते म्हणे" असं म्हणताना मला जी लाज वाटली, ती सिगरेट ओढतो हे सांगताना वाटली नव्हती. वय सेहेचाळीस, सत्तावीस वर्षं ओढतोय, रोजच्या बारा. हे सगळं खणखणीत सांगितलं. गोळी म्हणताना मात्र आवाज खाली गेला. माळकऱ्याचा पोरगा, आणि बारा काड्या सोडायला औषध मागतो.

सोडून पाहिली नव्हती असं नाही. दर श्रावणात सोडायचो. श्रावण ही आपल्याकडची मोठी सोय आहे: मटण, दारू, सिगरेट, दाढी सगळं एकदम बंद, आणि परत सुरू कधी करायचं तेही ठरलेलं, त्यामुळे सोडल्याचं दुःख असं होत नाही. २०२३ला अधिक श्रावण आला, म्हणजे दोन महिने. अधिक महिना पुरता निभावला आणि निजातले नऊ दिवस. दहाव्या दिवशी, शनिवारी, गिऱ्हाइकाकडून एक अख्खा लॉट परत आला. मी भोसरीला एका कारखान्यात क्वालिटीला आहे. लॉट परत येणं म्हणजे काय ते ज्याचं त्याला ठाऊक. पार्टची चौकशी करायच्या आधी माझे पाय टपरीवर पोचले होते. काकांनी काही न विचारता एक काढून दिली. सुटी सिगरेट विकायला महाराष्ट्रात २०२० सालापासून बंदी आहे. काकांना ती ठाऊक असेल, मला तर होतीच.

निकोटिनचं च्युइंगगमही करून झालं होतं. दोन मिलिग्रॅमचं मेडिकलमध्ये चिठ्ठीशिवाय मिळतं. ते आपल्या नेहमीच्या च्युइंगगमसारखं चघळायचं नसतं. दोनचारदा चावायचं, जीभ चुरचुरली की गालात दाबून ठेवायचं, चुरचुर ओसरली की पुन्हा चावायचं. थोडक्यात, तंबाखूचा बार दाढेला धरतात तसं. आमच्या गावातल्या कुठल्याही म्हाताऱ्याला हे न शिकवता जमलं असतं. मी डिप्लोमा होल्डर, पाकिटातला कागद न वाचता कराकरा चावत राहिलो आणि ऑडिटच्या मीटिंगमध्ये उचक्या देत बसलो. ते गम वाईट नाही. अनेकांना लागू पडतं. माझ्याकडून त्याला संधीच मिळाली नाही.

डॉक्टरांनी दिवसाला किती हे नंतर विचारलं. आधी विचारलं, "सकाळी डोळे उघडल्यापासून पहिली किती वेळात?"

"चहा झाला की."

"मिनिटं सांगा."

मी मोजून पाहिलं आणि मला कळलं की चहाच मुळी मी सिगरेटसाठी टाकतो. आधण ठेवायचं आणि ते उकळेपर्यंत गॅलरीत जायचं. पाच मिनिटांच्या आत. या प्रश्नाला तेच उत्तर सगळ्यांत जास्त गुणांचं असतं, असं ते म्हणाले. रात्रभर रक्तातलं निकोटिन उतरत गेलेलं असतं. ते साधारण दोन तासांत निम्मं होतं. त्यामुळे डोळे उघडताच हात पाकिटाकडे जाणारा माणूस किती बांधला गेलाय, ते त्या मिनिटांवरून कळतं. मग बाकीचे प्रश्न: फिट येते का, किडनीचं काही, झोप कशी, कधी खूप उदास वाटून उपचार घेतलेत का. शेवटी वजन, बीपी आणि चिठ्ठी. व्हॅरेनिक्लिन. बारा आठवडे.

मी कामाच्या सवयीनं ड्रॉइंग वाचल्याशिवाय जॉब हातात घेत नाही. म्हणून त्या रात्री गोळीची कुंडली काढत बसलो. मूळ निघालं एका झाडात. युरोपात लॅबर्नम नावाचं पिवळ्या झुंबरांचं झाड आहे. त्यात सायटिसिन नावाचं द्रव्य असतं आणि ते निकोटिनच्या जागा अडवतं. दुसऱ्या महायुद्धात तंबाखू मिळेना तेव्हा त्याची पानं ओढली जायची. बल्गेरियात १९६४ सालापासून त्या सायटिसिनची गोळी सिगरेट सोडवायला विकली जाते. त्याच रेणूवर पुढे काम होऊन व्हॅरेनिक्लिन तयार झालं आणि २००६ साली अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. आपल्या बहाव्याला इंग्रजीत इंडियन लॅबर्नम म्हणतात, म्हणून कुणी उन्हाळ्यात रस्त्याकडेचा बहावा ओरबाडू नये. ते झाड वेगळं. त्याच्या शेंगेचा गर पोट साफ व्हायला देतात. तो खाल्लात तर सिगरेट सुटणार नाही, दुसरंच काहीतरी सुटेल.

गोळी करते काय, ते मला माझ्या भाषेत असं समजलं. मेंदूत निकोटिनसाठी भोकं आहेत. धूर ओढला की काही सेकंदांत निकोटिनची पिन त्यात जाऊन बसते आणि बरं वाटतं. ती निघाली की भोक रिकामं. त्या रिकामेपणाला आपण तलफ म्हणतो. गोळी त्या भोकात आधीच एक ढिली पिन घालून ठेवते. ढिली, म्हणून पूर्वीइतकं बरं वाटत नाही. पण भोक रिकामंही राहत नाही, म्हणून तलफ चढत नाही. आणि अशात सिगरेट ओढली तरी तिच्या पिनेला जागाच नसते.

बायकोनं तिच्या बाजूनं फोनवर शोधाशोध केली होती. तिला सापडलं ते भलतंच: या गोळीनं माणसं निराश होतात, जिवाचं बरंवाईट करून घेतात. यात अगदीच तथ्य नव्हतं असं नाही. अशा तक्रारी आल्या होत्या आणि अमेरिकेच्या औषध खात्यानं २००९ साली या गोळीच्या माहितीपत्रकावर काळ्या चौकटीतला इशारा छापायला लावला होता. मग १६ देशांतल्या ८,१४४ माणसांवर मोठी चाचणी झाली. त्यांतल्या निम्म्यांना मानसिक आजाराचा इतिहास होता. साखरेच्या गोळीच्या, म्हणजे आत औषधच नसलेल्या नुसत्या दिखाऊ गोळीच्या तुलनेत या गोळीनं मनाचा त्रास ठळकपणे वाढल्याचं तिच्यात दिसलं नाही. निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाले आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात ती चौकट काढली गेली. तरी डॉक्टरांनी बायकोला सांगून ठेवलं, "यांचं वागणं वेगळं वाटलं तर फोन करा." ती म्हणाली, "वेगळं म्हणजे चांगलं वागले तर का?"

त्याच चाचणीतला दुसरा आकडा मला जास्त अस्वस्थ करून गेला. नवव्या आठवड्यापासून चोविसाव्यापर्यंत एकही सिगरेट न ओढलेले लोक किती? ही गोळी घेणाऱ्यांत शंभरात २२ च्या आसपास. साखरेची गोळी घेणाऱ्यांत ९. माझ्या खात्यात ज्या प्रोसेसमध्ये शंभरातले ७८ पीस रिजेक्ट होतात, ती प्रोसेस संध्याकाळपर्यंत बंद होते. पण इथे दुसरी प्रोसेस ९१ रिजेक्ट करणारी होती. आणि ती मी सत्तावीस वर्षं चालवत होतो.

पहिली गोळी सोमवारी, ४ डिसेंबरला. पहिले तीन दिवस अर्ध्या मिलिग्रॅमची एक, मग चार दिवस तीच दोनदा, आठव्या दिवसापासून एक मिलिग्रॅमची दोनदा. मजा म्हणजे पहिला आठवडा सिगरेट ओढायची मुभा असते. सोडायची तारीख आठव्या दिवसाची, ११ तारीख. आईनं पंचांग बघितलं आणि कपाळाला हात लावला. "आवसंच्या तोंडाव कोन चांगलं काम सुरू करतं?" मी म्हटलं, कंपनीचा कोर्सच तसा आहे. तिला वाटलं माझ्या कंपनीचा.

गोळी पोटभर खाऊन, ग्लासभर पाण्याबरोबर घ्यायची असते. हे मला दोनदा सांगितलं होतं. तिसऱ्या दिवशी बस गाठायची होती म्हणून नुसत्या चहावर घेतली. नाशिक फाट्याला पोटात कालवायला लागलं आणि पुढच्याच स्टॉपला उतरून रस्त्याकडेला ओकलो. बाजूची भाजीवाली मावशी म्हणाली, "रात्रीची उतरली न्हाय का अजून?" तिला काय सांगणार. दुसऱ्या दिवसापासून पोह्यांची बशी चाटूनपुसून संपवून मगच गोळी. मळमळ पुढेही येत राहिली, पण बोट लागल्यासारखी, थोडा वेळ, आणि मग जायची.

आता शनिवारचं सांगतो. सहावा दिवस. अकराच्या सुटीत नेहमीप्रमाणे टपरीवर गेलो. थंडी होती. काकांनी कटिंग पुढे सरकवला आणि सिगरेट दिली. टपरीच्या खांबाला काथ्याची दोरी टांगलेली असते, तिचं टोक दिवसभर धुमसत असतं. मी वाकून तिच्यावर पेटवली, डोळे मिटले आणि पहिला झुरका छातीत भरून घेतला. काहीच झालं नाही.

म्हणजे धूर आत गेला, घशाला लागला, नाकातून बाहेर आला. चव होती, पण वही जळल्याची. दुसरा झुरका मी जरा जोरात घेतला, बंद पडलेल्या स्कूटरला किक मारावी तसा. सत्तावीस वर्षं त्या घराला हाक मारली की आतून ओ यायची. त्या दिवशी हाक मारली आणि ओ आली नाही. मी सिगरेट फिरवून फिरवून बघितली. ब्रँड तोच, पट्टी तीच. अर्ध्याला विझवली. काकांनी विचारलं, "दमट लागली का? दुसरी घ्या."

आनंद व्हायला हवा होता, मला रडू येईलसं झालं. हे सोडणाऱ्या लोकांनी आधी का सांगितलं नाही, कुणास ठाऊक. निग्रहानं सोडणाऱ्याच्या बाबतीत ती तिकडे असते, सुंदर असते, तो इकडे असतो आणि दातओठ खात लांब राहतो. त्यात एक प्रतिष्ठा आहे. माझ्या बाबतीत तीच फुसकी निघाली. ज्या गोष्टीसाठी मी पावसात भिजलो, बायकोशी खोटं बोललो, आजारी मुलीला दवाखान्यात बसवून खाली जाऊन आलो, ती गोष्ट अर्ध्या मिलिग्रॅमच्या गोळीनं पोकळ निघते? मग इतकी वर्षं मी तिथे बघत काय होतो?

सोमवारी सोडली. सोडली म्हणजे विकत घेतली नाही, इतकंच.

तलफेचा बंदोबस्त गोळीनं केला. वेळेचा कुणी केला नाही. बारा सिगरेटी, प्रत्येकीची सहा मिनिटं. रोजचा सव्वा तास हातात येऊन पडला आणि त्याचं करायचं काय ते कळेना. अकरा दहाला माझे पाय आपोआप उठायचे. कॅन्टीनमध्ये चहा घेऊन बसलो तर समोर फोनमध्ये डोकं घातलेली पोरं. हीट ट्रीटमेंटच्या सुपरवायझरची मुलगी सीएच्या परीक्षेला बसली आहे, पेंट शॉपमधल्याचा भावाशी जमिनीचा वाद कोर्टात गेलाय, पुढच्या महिन्यात कुणाकुणाची बदली आहे: कारखान्याची खरी खबर मला टपरीवरच मिळत होती, धुराच्या आडोशानं. सिगरेट हातात असली की माणूस दुसऱ्याच्या तोंडाकडे न बघता बोलू शकतो. पुरुषांना याची फार गरज असते. मी आठवडाभर नुसता चहा प्यायला टपरीवर जाऊन पाहिलं. सगळे सभ्यपणे माझ्यापासून धूर लांब सोडू लागले. सुतकातल्या माणसाला सांभाळून घ्यावं तसं. मग मीच जायचं कमी केलं. त्या मुलीचा निकाल मला लागल्यानंतर महिन्यानं समजला.

आणि स्वप्नं. या गोळीनं स्वप्नं चमत्कारिक पडतात, हे सांगितलेलं होतं. पण इतकी धुवून पुसून लख्ख केलेली? एका पहाटे वडील आले. खाकी कपडे, लाल गाडी, घाटातलं वळण. मी पहिल्या सीटवर. त्यांनी स्टेअरिंग न सोडता कानामागची बिडी काढली आणि म्हणाले, "काडी हाय का रं?" मी खिसे चाचपतोय, हाताला लागतंय गोळ्यांचं पाकीट. वडील जाऊन बारा वर्षं झाली होती, आणि त्यांच्या बोटांवरचा पिवळा डाग मला इतक्या जवळून जिवंतपणीही दिसला नव्हता. डॉक्टरांना सांगितलं तर म्हणाले, संध्याकाळची गोळी जरा लवकर घेत चला. घेतली. वडील यायचे थांबले. हाही एक तोटाच.

तिसऱ्या आठवड्यातल्या रविवारी मी मुलीवर ओरडलो. कारण रिमोट. ती चौदा वर्षांची. रिमोट सोफ्यावर ठेवून आत गेली आणि दार लावून घेतलं. आई खाली बसून लसूण सोलत होती. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली,

"तुझ्या बापानं दोन म्हैनं एक ताट सरळ जेवलं न्हाई."

"कधी?"

"माळ घातल्याव. भाजी खारट, भाकरी कच्ची. एकदा तर पितळी भिरकावली ती चुलीम्होरं."

मी म्हटलं, पण एका दिवसात सोडली ना?

"बिडी सोडली." तिनं लसणाची साल फुंकली. "माझी मिसरीची डबी दर चार दिसाला रिकामी व्हाया लागली. आधी वाटलं, तुझी आत्या लावती. मग एक दिस पाटं उठून बघितलं तर मोरीपाशी ह्येच उभं, बोट तोंडात. म्या म्हटलं, आवं माळ घातलीया न्हवं? तर म्हनलं, माळ बिडीला हाय, मिसरीला न्हाई."

"किती दिवस चाललं?"

"वरीसभर. शेवटाला मीच डबी लपवाया लागले."

मी हसत सुटलो, मग तीही. ३५ वर्षं ज्या गोष्टीच्या ओझ्याखाली मी वाकलो होतो, तिचा दुसरा अर्धा भाग एका मिश्रीच्या डबीत पडून होता आणि तो कुणी मला सांगितलाच नव्हता. दहिवडीला १९८८ साली निकोटिन रिप्लेसमेंट थेरपी चालू होती. डोस बायकोच्या डबीतून, देखरेख विठ्ठलाची. (मिश्री म्हणजे तव्यावर काळी भाजलेली तंबाखू. तोंडाच्या कॅन्सरला तीही तितकीच घरची वाट दाखवते. त्यामुळे ही थेरपी मी कुणाला सुचवत नाही.)

माळेचा गुण मी कमी लेखत नाही. गळ्यात माळ घातलेल्या माणसाला टपरीवाला बिडी पुढे करत नाही; अख्खं गाव पहाऱ्याला असतं. माझ्याजवळ तसा पहारा नव्हता. माझ्याजवळ गोळी होती, आणि रोज रात्री स्ट्रिपमधल्या रिकाम्या खाचा मोजणारी मुलगी. २५ फेब्रुवारीला शेवटची खाच रिकामी झाली. मधे एकदा, जानेवारीत, एका लग्नात मांडवामागे जाऊन मी एक ओढली. लपवत नाही. त्या दिवशी पुन्हा तोच वही जळल्याचा वास आला, म्हणून दुसरी पेटवली नाही; अंगी निग्रह आला होता म्हणून नव्हे.

गोळ्यांचा तीन महिन्यांचा खर्च सिगरेटच्या तीन महिन्यांपेक्षा बराच कमी आला. मामांना मी हे सगळं सांगितलं. ते म्हणाले, "म्हंजे तू सोडली न्हाईस, औषधानं सोडवली." मी म्हटलं, बरोबर. मोतीबिंदू झाला तेव्हा तुम्ही तरी डोळे ताणून कुठे बघत बसलात?

आई आमच्याकडेच असते. दर पंधरा दिवसांनी दुपारी बायको ऑफिसला गेली की ती तव्यावर तंबाखू भाजते. संध्याकाळी घरात शिरताच बायकोच्या नाकाला कळतं, पण ती बोलत नाही. सिगरेटचा वास सोसलेल्या घरात कोण कुणाला बोलणार? प्रौढांच्या तंबाखूवर २०१६-१७ मध्ये जे देशभर सर्वेक्षण झालं, त्यात महाराष्ट्रात सिगरेट-बिडी ओढणारे शंभरात चारही भरले नव्हते. तोंडात तंबाखू धरणारे, दाताला लावणारे २४ होते. तरी सोडण्याची म्हणून जी गोष्ट निघते ती आपल्याकडे बहुतेक वेळा धुराचीच असते, आणि ती बहुतेक वेळा पुरुषाची असते. आईच्या डाव्या तर्जनीचं नख मला कळतं तेव्हापासून काळं आहे. तिला "सोड" असं कुणी म्हटल्याचं मला आठवत नाही. मीही म्हटलं नव्हतं.

पाडव्यानंतर एका सकाळी मी ऑफिसला निघत होतो. ती मोरीपाशी चूळ भरून आली, पदरानं तोंड पुसलं आणि दारातच थांबली.

"आरं, त्या तुझ्या गोळ्या मिसरीला लागू पडत्यात का?"

वय ७४. पंचावन्न वर्षांची मिश्री. मी बूट घालता घालता थांबलो आणि डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, तोंडात ठेवायच्या तंबाखूवरही ही गोळी तपासलेली आहे, स्वीडन-नॉर्वेत आणि आपल्याकडे दिल्लीत. पण हे औषध जवळपास जसंच्या तसं लघवीतून बाहेर पडतं, तेव्हा आधी आजींची किडनी बघू. लागलं तर डोस निम्मा करावा लागेल. शिवाय तोंड आतून तपासून घेऊ.

रक्त काल देऊन आलो. पॅथॉलॉजीतल्या पोरीनं विचारलं, आजी, उपाशीपोटी आलात ना? आई म्हणाली, "व्हय. नुसती मिसरी लावलीया." क्रिएटिनिनचा रिपोर्ट परवा मिळणार आहे.